चासी बदलण्याआधी फळी तिरकी करून बघ

वाळपईच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गाडी ॲक्सियल कंपनीची एससीएक्स१० टू, म्हणजे रिमोटवर चालणारी, खडकांवर सावकाश चढणारी छोटी गाडी (क्रॉलर), खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, तीन वर्षं वापरातली. वर हार्ड बॉडी, म्हणजे कडक प्लॅस्टिकची जड बॉडी, तिच्यावर रूफ रॅक. आडव्या उतारावर चिऱ्यावरून, म्हणजे जांभ्या दगडावरून, जाताना कुशीवर कलंडते आणि उभ्या चढावर पुढची चाकं उचलून पाठीवर पडते. कार्बन फायबरची एलसीजी चासी, म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणणारा गाडीचा सांगाडा, बाहेरून मागवायची आहे. कस्टम आणि कुरिअर धरून ती गाडीच्या जवळपास अर्ध्या किमतीला पडते. काका, घेऊ का? आणि घेतली तर सोबत काय काय लागेल?

घे, पण या महिन्यात नको. आधी एक जुनी फळी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक रविवार खर्च कर. तुझी निम्मी तक्रार त्यातच सुटेल, आणि उरलेल्या निम्म्यासाठी चासी कशाला हवी ते तुला नेमकं कळेल. ते न कळता चासी घेतलेले तिघे तरी माझ्या माहितीतले आहेत. तिघांच्या गाड्या आधी कलंडायच्या तशाच आता कलंडतात, फरक एवढाच की आता कार्बनवर.

मी मूळचा फिटर. डिचोलीकडच्या खाणीवर डंपरच्या खाली आडवं पडून बरीच वर्षं काढली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा हाताला काम राहिलं नाही आणि मुलाच्या मोडक्या गाडीत डोकं घातलं ते आजतागायत. हे सांगायचं कारण असं की डंपरच्या चासीचं काम ओझं पेलणं. ती वाकली तर संपलं. क्रॉलरची चासी तशी नाही. अडीच-तीन किलोच्या गाडीला तुझे मूळचे लोखंडी रेल ताकदीला पुरून उरतात. इथे चासी ठरवते ती जागा: मोटार कुठे बसेल, बॅटरी कुठे बसेल, लिंक (ॲक्सल चासीला जोडणाऱ्या काठ्या) कुठल्या भोकात जातील, बॉडी किती खाली उतरेल. त्यामुळे "कार्बन किती मजबूत असतं" हा तुझा आणखी एक प्रश्न बाजूला ठेवू. भोकं कुठे आहेत ते बघू.

आता फळी. प्लायवुडचा तुकडा किंवा जुन्या दाराची फळी चालेल, गाडीपेक्षा लांब-रुंद हवी. वर खरखरीत पॉलिश पेपर चिकटव, नाहीतर गाडी कलंडण्याआधी घसरेल. गाडी आडवी ठेव, बॉडी-बॅटरी सगळं जागच्या जागी असू दे. फोन फळीवर ठेवून लेव्हलचं ॲप उघड आणि एक कड हळूहळू उचलत जा. वरच्या बाजूचं चाक सुटलं की अंश लिही. तीनदा कर, मग गाडी फिरवून दुसऱ्या कुशीवर तीनदा. दोन कुशींत दोनेक अंशांपेक्षा जास्त फरक आला तर काहीतरी जड वस्तू एका अंगाला बसली आहे. बहुतेक वेळा ती बॅटरी असते.

मी आणखी एक करतो. चारही शॉक काढून त्यांच्या जागी, गाडी स्वतःच्या वजनाने दबून उभी असताना शॉक जेवढा असतो तेवढ्याच लांबीच्या लाकडी पट्ट्या लावतो. म्हणजे स्प्रिंग दबून गाडी झुकते तो भाग बाजूला होतो आणि निव्वळ गुरुत्वमध्य कळतो. गणित शाळेतल्या त्रिकोणाचं. टायरच्या बाहेरच्या कडेपासून गाडीच्या मध्यापर्यंतचं अंतर, भागिले गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची, हा कलंडण्याच्या कोनाचा टॅन्जंट. अंतर तू फुटपट्टीने मोजतोस, कोन फळी सांगते, उंची आपोआप निघते.

तुझ्यासारखीच सजवलेली एक गाडी माझ्याकडे आली होती, तिचे आकडे वहीत आहेत. वजन २८०० ग्रॅम. टायरच्या बाहेरच्या कडांत अंतर २२० मिलिमीटर, म्हणजे अर्धं ११०. पट्ट्या लावून कलंडली साधारण ४८ अंशांवर. म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० मिलिमीटरच्या आसपास. तिच्या टपावर रॅक, चार दिवे, जेरीकॅन आणि एक सुटं चाक, मिळून २५० ग्रॅम, जमिनीपासून २३० मिलिमीटर उंचीवर. ते नुसतं उतरवलं. गुरुत्वमध्य १०० वरून ८७ वर आला, कलंडायचा कोन ५१ अंशांच्या पुढे गेला. खर्च शून्य. मालकाचं तोंड मात्र उतरलं, कारण सगळी शोभा त्या टपावरच होती. त्याला म्हटलं, फोटोपुरता चढव, खडकावर जाताना काढ.

मग चाकं. पुढच्या दोन चाकांत प्रत्येकी ८० ग्रॅम घातले. त्यासाठी पितळी रिंगा मागवायची गरज नाही. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगच्या चिकटणाऱ्या वजनपट्ट्या मिळतात, पाच-पाच ग्रॅमचे तुकडे. रिमच्या आतल्या अंगाला सोळा तुकडे गोल फिरवून चिकटवले की झालं. क्रॉलर इतका सावकाश चालतो की चाक थरथरायचा प्रश्न येत नाही. चिकटवण्याआधी रिम स्पिरिटने पूस, आणि बीडलॉकचा (टायर रिमला आवळून धरणाऱ्या कड्याचा) स्क्रू जिथे बाहेर येतो ती जागा मोकळी सोड. यातून गुरुत्वमध्य फार उतरत नाही, दोनेक मिलिमीटर. खरा फायदा पुढे वजन जाण्याचा, आणि तुझी पाठीवर पडायची तक्रार नेमकी तिथलीच आहे.

ती समजून घ्यायला वजनकाटा. पुढची दोन्ही चाकं काट्यावर ठेव आणि मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर, गाडी सपाट राहिली पाहिजे. आकडा लिही, मग उलट. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच गाड्या निम्म्या-निम्म्याच्या जवळ असतात. तुझा व्हीलबेस ३१३ मिलिमीटर. निम्मं-निम्मं वजन असेल तर गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या १५६ मिलिमीटर पुढे. उंची १०० धरली तर ५७ अंशांच्या चढावर पुढच्या चाकांवरचं वजन शून्य होतं आणि गाडी पाठीवर जाते. आता पुढे ६० टक्के वजन आणि उंची ७७ मिलिमीटर धर. तोच आकडा ६७ अंशांच्या वर जातो. कागदावर दहा अंश म्हणजे किरकोळ वाटतात. हरवळ्याच्या धबधब्याखालच्या खडकांत उभं राहून ५७ आणि ६७ अंशांचा दगड डोळ्यांनी बघ, मग कळेल. पहिल्यावर तू गाडी नेशील, दुसऱ्याकडे बघून हसशील.

पण ६० टक्के पुढे आणि उंची ७७, हे चासी न बदलता होत नाही. रॅक उतरवून, चाकांत वजन घालून ८५ पर्यंत येता येतं. पुढचे सात-आठ मिलिमीटर नव्या चासीचे: मोटार-गिअरबॉक्स आणि बॅटरी दोनेक सेंटिमीटर खाली बसतात, बॉडी दीड सेंटिमीटर उतरते. आडव्या उताराच्या भाषेत बोलायचं तर ५२ वरून ५५ अंश. म्हणजे फुकट उतरवलेल्या रॅकने जेवढे अंश दिले त्याहून थोडे कमी या महागड्या चासीने दिले. नुसतं कुशीवर कलंडणं थांबवायला चासी घेत असशील तर पैसे वाया. बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या डोक्यावर नेता येते, लिंकची भोकं बदलता येतात, चासी घ्यायची ती यासाठी.

लिंकचं जरा नीट सांगतो, कारण चासीच्या जाहिरातीत याबद्दल चकार शब्द नसतो आणि गाडी बिघडते ती इथेच.

मागच्या ॲक्सलला खालच्या दोन आणि वरच्या दोन लिंक. गाडीला बाजूने बघ. खालची लिंक आणि वरची लिंक या दोन रेषा पुढे वाढवल्या तर कुठेतरी एकमेकींना मिळतात. तो बिंदू जितका मागच्या चाकाजवळ आणि उंच, तितकी थ्रॉटल दिल्यावर गाडीची मागची बाजू वर उचलायला बघते. बिंदू दूर गेला तर उलट, मागची बाजू बसते. थोडी उचल चांगली, चाक दगडावर दाबलं जातं. जास्त झाली की उभ्या चढावर गाडी बेडकासारखी उड्या मारते आणि त्या उड्यांतच पाठीवर जाते. आता मेख अशी: हा हिशेब गुरुत्वमध्याच्या उंचीशी जोडलेला आहे. लिंक त्याच भोकांत ठेवून नुसता गुरुत्वमध्य खाली आणलास तर उचल वाढते. म्हणून पुष्कळ जण एलसीजी चासी लावतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, गाडी आधी चढायची, आता का उडते? उत्तर वरच्या लिंकच्या चासीकडच्या भोकात आहे. ते टोक एक भोक वर घेतलं की दोन्ही लिंक समांतरच्या जवळ जातात, बिंदू दूर सरकतो, उड्या थांबतात. त्यामुळे चासी निवडताना फोटो मोठा करून मागच्या वरच्या लिंकला किती भोकं दिली आहेत ते मोज. एकच भोक असेल तर ती चासी कितीही चकचकीत असो, सोडून दे. तीन असतील तर उत्तम.

हे घरात तपासायला पुढचा बंपर भिंतीला टेकव, जमिनीवर रबरी पायपुसणं टाक आणि थ्रॉटल हळूहळू दे. मागचा बंपर वर येतो की खाली बसतो ते बघ. तेव्हाच गाडी एका अंगाला पिळते का हेही दिसेल, एक पुढचं चाक हलकं होतं. तो शाफ्टच्या फिरण्याचा झटका. चासी बदलून तो जात नाही. मागच्या स्प्रिंग जरा कडक केल्या, किंवा दबणाऱ्या बाजूच्या शॉकचा कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबणारं कडं, दोन आटे जास्त आवळला की आटोक्यात येतो.

आता धातू की कार्बन. वाळपई समुद्रापासून लांब आहे, पण तू लिहितोस की सुट्टीत वागातोर-हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या काळ्या-तांबड्या खडकांवरही नेतोस. मग ऐक. कार्बन वीज वाहून नेतं. खारं पाणी, कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पावडर सुटते. माझ्या पहिल्या कार्बन चासीला ॲल्युमिनियमचे स्पेसर होते. किनाऱ्यावरून आल्यावर फडक्याने पुसून ठेवली आणि चतुर्थीच्या गडबडीत विसरलो. पंधरा दिवसांनी स्क्रू फिरेनात. दोन स्पेसर पक्कडीने पिळून काढले, भोकासकट गेले. तेव्हापासून कार्बनला स्टेनलेसचे स्क्रू, मध्ये नायलॉनचा वॉशर, आणि घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुणं. धुतल्यावर बेअरिंग उन्हात वाळवून तेलाचा एक थेंब. किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीत चुंबकाला चिकटणारे कण असतात, ते थेट मोटारीत जाऊन बसतात. साधा चुंबक त्या रेतीवरून फिरवून बघ, मिशा फुटतात.

वीज वाहण्याचा दुसरा धोका जास्त वाईट. कार्बनची कापलेली कड ब्लेडसारखी असते. मोटारीची वायर तिच्यावर घासत राहिली तर एका दुपारीत वरचं रबर कापलं जातं आणि तार थेट चासीच्या पट्टीला लागते. माझी एक ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारी पेटी, अशीच गेली, धूर निघाला तेव्हा गाडी पाण्याच्या मधोमध होती. चासी हातात आल्यावर पहिलं काम म्हणून सगळ्या कडा ओल्या पॉलिश पेपरने गोल करायच्या. ओल्याच, कारण कार्बनची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट, आणि तोंडाला मास्क लावूनच. मग कडेवरून फेविक्विकचा पातळ हात फिरवायचा, थर सुटत नाहीत. वायर जिथे पट्टी ओलांडते तिथे पेट्रोलच्या नळीचा तुकडा चिरून चढवायचा.

खरं विचारशील तर मी आता कार्बन घेतच नाही. जी-टेन म्हणून ग्लास फायबरची पाटी मिळते, ज्यावर सर्किट बोर्ड बनतात त्याच जातीची. वीज वाहत नाही, खाऱ्या पाण्याचं भांडण नाही, किंमत बरीच कमी. थोडी जास्त लवचिक असते, म्हणून तीनऐवजी चार मिलिमीटर घ्यायची. दिसायला कार्बनचा रुबाब नाही, एवढंच. ॲल्युमिनियमची चासी वाईट नाही, पण आपट खाल्ली की ती वाकून तशीच राहते आणि तुला कळतही नाही. गाडी डावीकडे ओढायला लागते आणि तू सर्वोला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटारीला, शिव्या देतोस.

चिऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण परदेशातले व्हिडिओ बघून घेतलेले निर्णय इथे फसतात. तिथले पुष्कळसे खडक गुळगुळीत, गाडी पोटावर घसरून पलीकडे जाते. आपला चिरा म्हणजे खवणी. सगळीकडे भोकं. टायरला पकड झकास मिळते, कोरड्यात तर चिकटल्यासारखी, पण पोटाखालची प्रत्येक बाहेर आलेली वस्तू त्या भोकांत अडकते. एकदा पेडण्याच्या सड्यावर माझी गाडी सपाटीवर जागीच थांबली. मोटार फिरतेय, चाकं फिरतायत, गाडी हलत नाही. मोपाच्या बाजूचा सडा तो, आता तिथे विमानं उतरतात. उचलून बघतो तर स्किडच्या, म्हणजे पोटाखालच्या पाटीच्या, एका स्क्रूचं गोल डोकं, मुश्किलीने दोन मिलिमीटरचं, चिऱ्याच्या भोकात कुलपासारखं बसलं होतं. त्यामुळे पोटाखाली सगळे स्क्रू सपाट डोक्याचे, खड्ड्यात बसणारे घ्यायचे. खालच्या लिंकची चासीकडची टोकं स्किडच्या पातळीच्या वर राहतील अशी चासी बघायची. आणि गुरुत्वमध्य खाली आणायच्या नादात पोट जमिनीला टेकवू नकोस. एलसीजी चासी म्हणजे सामान खाली, पोट वर. काही स्वस्त चासी दोन्ही खाली आणतात. बाजूने काढलेला फोटो बघितल्याशिवाय मागवू नकोस. स्किड जाड, पांढऱ्या किंवा काळ्या नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचा बरा. चिरा त्याला खातो, पण अडकत नाही. वर्षातून एकदा बदलायचा.

सोबत काय लागेल त्याचा हिशेब आता करू, म्हणजे अर्धवट सामान घेऊन बसायला नको.

तुझ्या गाडीत सर्वो चासीवर आहे आणि पुढच्या ॲक्सलला पॅनहार्डची आडवी काठी आहे, ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारी. बऱ्याचशा एलसीजी चासी सर्वो ॲक्सलवर आणि पुढेही चार लिंक या बेताने बनवलेल्या असतात. म्हणजे सर्वोचा ॲक्सलवरचा माउंट, वरच्या लिंकसाठी ॲक्सलवर बसणारा ब्रॅकेट, चारही लिंक नव्या लांबीच्या आणि सर्वोच्या वायरला एक्स्टेंशन, एवढं वाढतं. फायदा असा की सर्वोचं वजन थेट ॲक्सलवर, खाली आणि पुढे. तोटा दिसण्याचा. पॅनहार्ड ठेवणारी चासी घेतलीस तर पॅनहार्डची काठी आणि स्टिअरिंगची काठी समोरून बघताना समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीच्या असल्या पाहिजेत, नाहीतर सस्पेन्शन दबलं की चाकं आपोआप वळतात.

गिअरबॉक्स तपासून घे. कित्येक चासी जुन्या, सरळ तीन गिअरच्या पेटीसाठी बेतलेल्या असतात आणि वर्णनात तेवढंच एक वाक्य तळाला असतं. तुझी पेटी त्या भोकांवर बसत नसेल तर नवी पेटी आली, तिचा खर्च आला. विक्रेत्याला तुझ्या पेटीचा खालून काढलेला फोटो पाठवून विचार, आणि उत्तर लेखी घे.

पेटी पुढे सरकली की पुढचा प्रोपेलर शाफ्ट आखूड लागतो, मागचा लांब. चाक पूर्ण लोंबत असताना शाफ्टचे दोन भाग एकमेकांत निदान सेंटिमीटरभर अडकून राहिले पाहिजेत, आणि चाक पूर्ण दाबलं तर आत जाऊन ठोकर बसता कामा नये. दोन्ही टोकं बघायची. बहुतेक जण गाडी टेबलावर ठेवून शाफ्ट बसवतात, छान बसतो, आणि पहिल्याच खड्ड्यात मागचा शाफ्ट निसटून पडतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे जोड एकाच रेषेत हवेत. एक दात इकडे-तिकडे बसला तर गाडी सावकाश चालताना ठेचकाळते. पुढचा शाफ्ट आखूड झाल्यामुळे जास्त तिरका होतो. फार तिरका झाला तर घरघर ऐकू येईल, मग पेटी एक भोक मागे घ्यावी लागते. इथे ६० टक्क्यांच्या हट्टात ५८ वर समाधान मानलेलं चालतं.

बॅटरी लहान घे. मोठी ५००० एमएएचची टू-एस (दोन सेलची) पाव किलोच्या पुढे जाते आणि पुढच्या ॲक्सलवर मावतही नाही. १५०० ते २२०० मधली छोटी घेतलीस तर पाऊण-एक तास आरामात जाते, क्रॉलर काही शर्यत धावत नाही. वजन पुढे हवं तर बॅटरी जड घेण्यापेक्षा ॲक्सलवर पितळ घालणं केव्हाही बरं, ते खाली असतं. बॅटरी पुढच्या टोकाला आली म्हणजे आपटही तिलाच पहिली बसते. पुढच्या बाजूने पातळ पट्टी आणि फोमचा तुकडा हवाच. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही, आणि घरी ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची.

सामान आलं की जोडण्याआधी डावी आणि उजवी पट्टी एकमेकींवर ठेवून प्रत्येक भोकातून तीन मिलिमीटरचा स्क्रू आरपार घालून बघ. मी मागवलेल्या एका जोडीत मागच्या लिंकची भोकं अर्धा मिलिमीटर पुढे-मागे होती. विक्रेत्याने आधी कानावर हात ठेवले, आरपार न जाणाऱ्या स्क्रूचा व्हिडिओ पाठवल्यावर बदलून दिली. जोडून झाल्यावर तक्रार केली असती तर कोणी ऐकलं नसतं.

जोडताना सगळे स्क्रू आधी सैल. शॉक न लावता गाडी काचेवर ठेव, टीपॉयची काच चालेल. पुढच्या डाव्या ॲक्सलच्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत मोज, मग दुसरा कर्ण. दोन्ही सारखे आले की मधून बाहेरच्या दिशेने थोडं थोडं आवळत जा. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक), प्लॅस्टिकला अजिबात नाही, तो प्लॅस्टिकला तडे घालतो. ॲलन पाने चांगले घे. अडीच आणि दोनचे दोनच, पण कडक पोलादाचे. स्क्रूची डोकी खराब होतात ती नव्वद टक्के वेळा फुकट मिळालेल्या एल आकाराच्या पान्याने.

बॉडी शेवटी. जुन्या पोस्टवर, म्हणजे ती बसते त्या खुंट्यांवर, ती दीड सेंटिमीटर उंच राहील, आणि ती उंच ठेवली तर चासीने कमावलेलं अर्धं तिथेच गेलं. पोस्ट काप, पण एकदम नको. आधी शॉक पूर्ण दाबून, चाक पूर्ण वळवून टायर चाकाच्या कमानीला कुठे घासतो ते खडूने खूण कर. कमान थोडी कापावी लागेल. हार्ड बॉडी कापायला जीव होत नसेल तर लेक्सनची, म्हणजे पातळ लवचिक प्लॅस्टिकची, हलकी बॉडी घे. वजनाचा विचार केला तर तीच पहिली घ्यायला हवी होती, पण मुलांना हार्ड बॉडी आवडते, मलाही आवडते, तिथे मी वाद घालत नाही.

बाहेरून मागवण्याऐवजी इथेच कापून घेता येते, हेही लक्षात असू दे. पुठ्ठ्यावर आकार काढ, भोकं पाड, गाडीवर धरून बघ. मग तीन मिलिमीटर प्लायवर. प्लायच्या चासीवर गाडी अंगणात फिरवायची, महिनाभर टिकते, आणि लिंकची भोकं हवी तिथे पुन्हा पाडता येतात. समाधान झालं की नामफलक कापणाऱ्या सीएनसी राउटरवाल्याकडे जी-टेनची पाटी घेऊन जा. लेझरवाल्याकडे नको, ती पाटी लेझरवर जळते, नीट कापली जात नाही. ॲक्रिलिकच्या मोहात पडू नकोस. दिसायला सुंदर, पहिल्या आपटीला भोकापासून तडा. माझी सध्याची चासी या वाटेने झालेली आहे, चौथ्या प्लायनंतर जमली.

पावसाळ्यापुरतं एक. तुम्ही मुलं बंद पडलेल्या चिरेखाणीत गाड्या नेता हे मला माहीत आहे, आम्हीही नेतो. सरळ कापलेल्या पायऱ्या मिळतात, त्याहून चांगली जागा नाही. पण जून ते सप्टेंबर त्या खाणी पाण्याने भरतात आणि वरून उथळ वाटणाऱ्या पाण्याखाली पुरुष-दोन पुरुष खोल असतं. गाडी पाण्यात गेली तर जाऊ दे. कड शेवाळलेली असते, गाडीमागून माणूस जातो. त्या दिवसांत अंगणात दगड मांडून खेळ, नाहीतर फळीवर मोजमाप कर.

तर रॅक उतरव, चाकांत वजनपट्ट्या लाव आणि मला पाच आकडे पाठव: पुढच्या चाकांवरचं वजन, मागच्या चाकांवरचं वजन, टायरच्या बाहेरच्या कडांतलं अंतर, आणि दोन्ही कुशींवर कलंडायचे अंश. गिअरबॉक्सचा खालून काढलेला फोटोही जोड. तू फोटो पाठवलेल्या दोन चासींपैकी दुसरीला मागच्या वरच्या लिंकसाठी एकच भोक दिसतंय, ती आत्ताच यादीतून काढ. पहिलीचा बाजूचा फोटो विक्रेत्याकडून मागवून घे, पोट किती खाली येतं ते त्यावरून सांगतो.